मनात शिरणाऱ्याला उलटा प्रश्न

आधी ही पत्रिका बघा. सगळ्यांच्या हातात आहे. खालून दुसरी ओळ: 'ज्येष्ठ सभासद कलावतीताई समस्त महिलावर्गाच्या वतीने कृतज्ञता व्यक्त करतील.' मला कोणी विचारलं? रंगनाथ, तू विचारलंस? नाही. महिलावर्गाला विचारलं? तो मागच्या रांगेत पुऱ्या लाटून आत्ता कुठे टेकलाय. मी काय व्यक्त करणार ते आधी छापून आलं आणि मग मला कळलं. हे झालं माझं गाऱ्हाणं. आता रीतसर.

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष माननीय वीणाताई, आपल्या मंडळाचे मावळते कार्यवाह, उद्या पुण्याला कायमचे राहायला निघालेले आजचे सत्कारमूर्ती उमाकांतराव, त्यांच्या शेजारी नवी शाल सावरत बसलेल्या शालिनीवहिनी, नवे कार्यवाह रंगनाथ, नोकरीपायी या हिंदी मुलखात येऊन दुर्गापुऱ्यापासून मानसरोवर कॉलनीपर्यंत पसरलेल्या बँकेच्या, विम्याच्या आणि आमच्या रेल्वेच्या मराठी मंडळींनो, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून जिन्यावर बसलेल्या पोरांनो, सगळ्यांना नमस्कार आणि माझा जयभीम.

माझ्या नातीनं, प्रियंकानं, मला चार ओळी लिहून दिल्या होत्या. त्यांत 'सुवर्णक्षण' होता आणि 'अश्रू अनावर' होते. माझे अश्रू चांगले आवरलेले आहेत, म्हणून तो कागद पिशवीत ठेवला. मी चौथीपर्यंत शिकले, अकोल्याला, तेही मास्तर येईल त्या दिवशी. सुवर्णक्षण माझ्या तोंडी शोभत नाही.

उमाकांतरावांचं जे खरं आहे ते आधी सांगते. गच्चीवरची पाण्याची टाकी त्यांनी आणली. हे पंखे त्यांच्यामुळे फिरतायत. आमचे हे, उत्तम, गेले तेव्हा गावाला न्यायला गाडी मिळत नव्हती. उमाकांतरावांनी कुठून कुठून फोन करून मिळवली आणि नंतर ते कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून तर मी त्यांच्याशी भांडते. ज्याच्यात काही दम नाही त्याच्याशी भांडायला माझ्याकडे वेळ नाही.

आता वरच्या खोलीचं. पोरं ज्या जिन्यावर बसलीत तो जिना त्याच खोलीकडे जातो, आणि खोलीला कुलूप आहे. गंमत अशी, की ती खोली पोरांना दिली उमाकांतरावांनीच. शनिवारची दुपार, आणि अट एकच: आत गेलं की मराठी बोलायचं. आपली पोरं घरात कशी बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. 'आजी, भैयानं मला मारून दिलं.' मराठी दिनाला आपण त्यांच्याकडून कविता पाठ करून घेतो, तेव्हा त्यांची तोंडं दाढ काढायला आल्यासारखी असतात. त्या खोलीत हीच पोरं मराठीत भांडायला लागली. भांडण मराठीत झालं म्हणजे भाषा आली समजा.

भांडत होती एका खेळावरून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. टेबलाभोवती सगळे बसतात. एकजण गोष्ट सांगतो. आपल्याकडे ती सांगायची भार्गवी, कॉलेजात जाते, ती बघा जिन्यावर. बाकीचे गोष्टीतलं एकेक माणूस होतात. भार्गवी सांगणार, 'समोर किल्ल्याचं दार आहे, पहारेकरी झोपलाय. काय करतेस?' मग जिची पाळी तिनं सांगायचं. 'मी दार तोडते, मतलब, लाथ मारते.' लाथ बसली का नाही ते फासा ठरवतो. बस, एवढाच खेळ. राक्षस आहेत, पण आपल्या जिल्ह्याचे नाहीत.

मी तिथं गेले प्रियंकाला सोबत म्हणून. कोपऱ्यात मटार सोलत बसायची. एके दिवशी भार्गवी माझ्याकडे वळली. 'आजी, पहारेकरी जागा झाला. तुम्ही काय करता?' मी म्हटलं, 'मी कशाला काय करू?' ती म्हणाली, 'तुमची पाळी आहे.' आणि थांबली. सगळी पोरं थांबली.

मागे शिरगणतीवाला आला होता आमच्या क्वार्टरवर. त्यानं विचारलं, बाई काय करतात. मी परातीत पीठ मळत होते. उत्तर आतून आमच्या ह्यांनी दिलं, 'काही नाही, घरीच असते.' त्यानं तसंच लिहून घेतलं. मला राग आला नाही, पीठ सुकत होतं. पण त्या खोलीत पोरं थांबली तेव्हा मला कळलं, की प्रश्न विचारून थांबतात कसं ते मी पहिल्यांदा बघतेय. मी म्हटलं, 'पहारेकऱ्याला मटार सोलायला बसवते.' फासा चांगला पडला. बसला बिचारा.

तर मुख्य खेळाचं पुस्तक इंग्रजी, चांगलं जाड. त्याची एक पुरवणी भार्गवीनं आणली. तिच्यात मनाच्या ताकदीचे लोक होते. ते पोरांनी मराठीत आणायला घेतलं. दुसऱ्याच्या मनातलं ऐकतो तो मनऐक्या. हात न लावता वस्तू हलवतो तो दूरहात्या. दुसऱ्याच्या स्वप्नात घुसून येतो तो स्वप्नघुश्या. या प्रकारांना मिळून काय म्हणायचं यावर घोळ झाला. इंग्रजीत क्लास म्हणतात. संकेत, उमाकांतरावांच्या मुलीचा मुलगा, नववीत आहे, तो साध्या मनानं म्हणाला, 'जात म्हणूया. योद्ध्याची जात, मनऐक्याची जात.' मी मटाराची शेंग खाली ठेवली. म्हटलं, 'बाळा, हे खेळणारा आपण निवडतो का?' म्हणाला, 'हो.' 'पुढच्या खेळात बदलता येतं?' 'हो.' 'मग ती जात काऊन होईल?' पोरगं विचारात पडलं. मग 'हुन्नर' ठरलं. वीणाताई, त्या दिवशी त्या टेबलावर जे झालं ते आपल्या मंडळाच्या कोणत्या सभेत झालं असेल तर मला सांगा.

माझंही एक हुन्नर पोरांनी आमच्या मराठी पुरवणीत घातलंय. मनकुलूप. त्याच्या मनात कोणी शिरू शकत नाही. मोठे मोठे मनऐके येऊन डोकं आपटून गेले. आणि एक नियम माझा आहे, तो भार्गवीनं मान्य केला. दुसऱ्याच्या मनात फुकट शिरायचं नाही. शिरलात, तर समोरच्याला एक उलटा प्रश्न मिळतो. त्यानं तो कधीही विचारावा, आणि शिरणाऱ्यानं त्याचं खरं उत्तर स्वतःच्या तोंडानं द्यावं. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही.

एवढं चाललं असताना कुलूप का पडलं? सांगते. हे मला शालिनीवहिनींनीच सांगितलं, तिलक नगरच्या भाजीच्या गाड्यापाशी, मुळे निवडताना. वहिनी, डोळे मोठे करू नका, तुम्ही मला शपथ घातली नव्हती. संकेत आजोबांकडे जेवायला बसला होता. खेळात तो मनऐक्या. पानावर बसल्या बसल्या म्हणाला, 'आजोबा, मी तुमचं मन ऐकलं. तुम्हाला पुण्याला जायचं नाहीये.' उमाकांतरावांच्या हातातला घास हातात राहिला. 'कोण म्हणालं तुला?' 'कोणी नाही. मला वाटलं.'

मग खोलीला कुलूप लागलं. दारावर कागद: 'सर्व सभासदांच्या भावना लक्षात घेऊन, मुलांना मनशक्तीसारख्या अंधश्रद्धेकडे नेणारा हा प्रकार बंद करण्यात येत आहे.'

अंधश्रद्धा. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातला अंगारा, गंडा, लिंबू सगळं बाहेर गेलं, ते परत उंबऱ्यात आलेलं नाही. आणि ह्याच मंडळानं संक्रांतीच्या मेळाव्याला पतंगांच्या शेजारी हात बघणाऱ्याचा स्टॉल लावला. फीत कोणी कापली? त्या माणसानं न विचारता माझा हात धरला आणि परदेशाचा योग सांगितला. तेव्हापासून मी मानसरोवर कॉलनीच्या पुढे गेलेली नाही. भगत कधी म्हणतो का, आज मला तुझं मन ऐकू आलं नाही, परत जा? आमच्या खेळात फासा कमी पडला तर मनऐक्याला हात हलवत परत जावं लागतं, वर सगळी हसतात. खेळ संपला की फासे डबीत जातात. ज्याचं झाकण लागतं, उमाकांतराव, ती अंधश्रद्धा नव्हे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा खोलीवरून काय. घरी खेळा. मीही तेच म्हटलं. म्हटलं, माझ्या घरी या, हॉल मोठा आहे, चहा मी करते. दोन घरांनी हो म्हटलं. बाकीच्यांनी म्हटलं, 'बघू.' नेमकं काय बघायचंय ते मला ठाऊक आहे, आणि इथं माना खाली घातल्यात त्यांनाही. मी मनऐकी नाही, पण 'बघू' मला ऐकू येतं. वरच्या खोलीत ते 'बघू' नव्हतं. खोली मंडळाची, म्हणून तिथं सगळ्यांची पोरं एका टेबलाला बसत होती, एका ताटलीतली कचोरी मोडून खात होती. खोली गेली की टेबल गेलं. माझं भांडण तेवढ्यासाठी आहे. फाशांसाठी नाही.

रंगनाथला विचारलं, तू नवा कार्यवाह, तू उघडशील? म्हणाला, 'आजी, काकांच्या निर्णयाबाहेर मी नाही.' म्हणजे उद्या काका पुण्याच्या गाडीत बसले, की त्यांचं 'नाही' भिंतीवरच्या फोटोसारखं होणार. हार बदलेल, फोटो तोच राहील. माणूस इथं आहे तोवरच विचारलेलं बरं.

आता बघा. संकेत तुमच्या मनात शिरला. बरोबर का चूक मला ठाऊक नाही, तिथं फासा पडला नव्हता. पण नियमानं तुम्हाला त्याच्यावर एक उलटा प्रश्न मिळाला होता. विचारायचा होतात, 'तुला असं का वाटलं, बाळा?' पोरगं सांगायला टपून बसलं होतं. तुम्ही प्रश्न सोडलात आणि कुलूप आणलंत.

आणि मग तुम्ही काय केलंत? 'सर्व सभासदांच्या भावना.' माझी भावना कोणी विचारली? भार्गवीच्या आईची विचारली? तुम्ही न विचारता, फासा न टाकता आमच्या सगळ्यांच्या मनात शिरून आलात. पुरवणीतल्या कोणत्याही मनऐक्याला हे जमलेलं नाही. मंडळातला सगळ्यात मोठा मनऐक्या आज शाल-श्रीफळ घेऊन समोर बसलाय, आणि पत्रिका बघता हे हुन्नर रंगनाथला लागायला सुरुवात झाली आहे.

तेव्हा आमचाही एक उलटा प्रश्न तुमच्याकडे येणं आहे. तो मी आज वापरते. पुण्याचं विचारणार नाही. ते मन तुमचं आहे, आणि मनकुलूप दुसऱ्याचं कुलूप उघडत फिरत नाही. मी किल्लीचं विचारणार. ती तबकात ठेवलीय, नारळाच्या बाजूला, रंगनाथच्या हातात द्यायला. मला इथून दिसते.

रीतीनं शेवट करते. वीणाताईंनी मला मध्ये थांबवलं नाही, त्यांचे आभार. माईकवाल्याचे आभार, त्याचा हात दोनदा बटणाकडे गेला आणि परत आला. पुऱ्या लाटणाऱ्या बायांचे आभार, ते छापलेलं नव्हतं, माझे मी मानते. बोलताना कोणाचं नाव पुढेमागे झालं असेल, कोणाला मान कमी पडला असेल, तर तेवढं पोटात घाला. जे मी मुद्दाम बोलले ते पोटात घालू नका, पचायचं नाही.

उमाकांतराव, प्रश्न असा. येत्या शनिवारी ती खोली उघडायची का नाही?

वीणाताई, तुम्ही नाही. रंगनाथ, तू घसा साफ करू नकोस. शालिनीवहिनी, त्यांच्या कानाशी जाऊ नका. संकेत, तुला उत्तर ऐकू आलं असलं तरी तोंड बंद. ज्याची पाळी त्यानंच बोलायचं, आणि तोवर सगळ्यांनी थांबायचं.

माईक त्यांच्याकडे द्या.