सांभाळायला घेतलेलं दुखणं

(बाबांच्या खोलीबाहेरचा अरुंद जिना. दुपार. खाली सभागृहात माणसं प्रार्थनेला जमताहेत. बाबांची थोरली बहीण आणि एक शिंपीण पायरीवर बसल्या आहेत.)

बहीण : दार नीट लोटलंस ना? त्याचे डोळे अधू झालेत, पण कान अजून तिखट आहेत.

शिंपीण : लोटलंय. पण मोठ्या ताई, मलाच का बोलावलंत? काम अर्धं टाकून आले. कुणाच्या तरी कोटाची बाही तशीच मशीनखाली अडकलीय.

बहीण : गोळी घेत नाही तो, म्हणून. डॉक्टरांनी दुखण्यावरची गोळी दिलीय. चांगली आहे, घेतली तर घटकाभर तरी माणूस माणसात येईल. पण हा दातखीळ बसल्यासारखा तोंड मिटून पडतो. म्हणे, हे दुखणं माझं नाहीच, ताई. दुसऱ्याचं सांभाळायला घेतलंय. मी टाकलं, तर ज्याचं त्याच्याकडे परत जाईल.

शिंपीण : म्हणजे... यांचं?

बहीण : तुझ्या नवऱ्याचं. दुसरं कुणाचं?

शिंपीण : लोक म्हणायचे खरं, बाबांनी तुझ्या नवऱ्याची कंबर घेतली. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? मात्र हे उठले हो, ताई. गेल्या हिवाळ्यात बस चालवणं सुटलं होतं, भिंत धरून संडासला जायचे. बाबांनी कमरेवर हात ठेवला, ‘दे इकडे’ म्हणाले, आणि आठवड्याभरात हे चालायला लागले. मग बाबाच आडवे झाले. तीच कंबर, तीच डावी बाजू.

बहीण : अगं, हाडं पोखरलीत त्याची. डॉक्टर म्हणतात, हे आत कधीपासून चाललं होतं. तेव्हा तुझा नवरा धडधाकट होता, बस हाकत होता. पण ह्याला सांगायचं कोणी? मी सांगितलं, तर म्हणतो, ताई, तू पहिल्यापासून अशीच.

शिंपीण : तुमचा विश्वास नाही बाबांवर?

बहीण : मी त्याचा शेंबूड पुसलाय. जगाचा तो बाबा असेल, माझा धाकटाच. आता विश्वास ठेवायचा म्हटलं तरी सुरुवात कुठून करू? ते राहू दे. तू आत जा आणि सांग, बाबा, नवरा ठणठणीत आहे, आता तुम्ही हे सोडा, गोळी घ्या. माझं नाही ऐकत, तुझं ऐकेल.

शिंपीण : तसं नाही म्हणता येणार मला.

बहीण : का? जीभ झडेल?

शिंपीण : यांचं परत सुरू झालंय.

बहीण : काय सुरू झालंय?

शिंपीण : कंबर. परवा रात्री जेवून उठले आणि खुर्ची धरून तिथेच थांबले. हे ओरडणारे नाहीत, पण परवा ओरडले. तेव्हापासून पडून आहेत. तुमचा निरोप आला नसता तरी मी येणारच होते. विचारायला.

बहीण : काय विचारणार होतीस?

शिंपीण : की दुखणं एक, मग दोघांना कसं? बाबांनी घेतलं, तर यांच्याकडे आलं कुठून? आणि यांच्याकडेच होतं, तर बाबा कशानं तळमळताहेत? माझं डोकंच चालेनासं झालंय. शिवताना कापड इकडे जास्त गेलं, तर तिकडे कमी पडतं. हे दोन्हीकडे जास्तच निघालं. असं कुठे असतं का?

बहीण : परवा म्हणालीस?

शिंपीण : हो, परवा. तुमचा चेहरा का उतरला?

बहीण : परवा मी त्याला गोळी दिली. दुधातून. कुटून, वर साखर घालून, त्याला न सांगता. मला बघवेना गं. उशी चावत होता. एवढा म्हातारा माणूस, ज्याच्या पाया पडायला खाली रांग लागलीय, तो उशी चावत होता!

शिंपीण : परवा कधी?

बहीण : दिवे लावायच्या सुमाराला.

शिंपीण : अगं आई गं.

बहीण : अशी बघू नकोस माझ्याकडे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, दुसरं काही नाही.

शिंपीण : बाबा झोपले?

बहीण : गाढ. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसा. मी शेजारी बसून रडले. बरं वाटलं म्हणून रडले.

शिंपीण : आणि तिकडे हे...

बहीण : कावळा आणि फांदी, म्हणतेय ना मी!

शिंपीण : म्हणताय. पण तुम्हालाच पटत नाहीये ते.

बहीण : कसं पटेल? जन्मभर मी ह्या असल्या गोष्टींना हसले, आणि आज तू येऊन हे सांगतेस. बरं, काल मी त्याला गोळी दिली नाही. काल तुझ्या नवऱ्याचं थांबलं का?

शिंपीण : नाही. काल तर जास्तच होतं.

बहीण : मग! संपलं की.

शिंपीण : की एकदा परत आलं ते आलंच?

बहीण : मला विचारू नकोस. मला आता काहीच कळत नाहीये.

शिंपीण : खरं सांगू? येताना मी ठरवलं होतं, बाबांच्या पायावर डोकं ठेवायचं आणि म्हणायचं, बाबा, आणखी थोडे दिवस धरा. तुम्ही देवाची माणसं, तुम्हाला सोसतं. आम्हाला नाही सोसत.

बहीण : त्याला सोसतं, असं कोणी सांगितलं तुला? ऊठ. आत चल, एकदा बघ त्याला. मग तुला काय मागायचं ते माग, मी मध्ये पडणार नाही. (दोघी आत येतात.) धाकट्या, जागा आहेस ना?

बाबा : माझं काय, मी जागाच. बरोबर कोण आहे? पावलं ओळखीची नाहीत.

बहीण : बसवाल्याची बायको. शिंपीण.

बाबा : ये, ये पोरी. आई गं... बस. खुर्चीवर कपडे असतील, दे खाली टाकून.

शिंपीण : बाबा, हा झगा मीच शिवला होता. आता दोन माणसं मावतील ह्यात.

बाबा : दोघंच तर आहोत आत. मी आणि तुझा नवरा. आ... हसवू नकोस बाई, हसलं की कळ येते. कसा आहे तो? बस चालवतो?

शिंपीण : बाबा...

बाबा : तुला वेडेपणा वाटेल. रात्री कळ आली की मला त्याचीच आठवण येते. खरं तर देवाची यायला हवी. त्याला हाका मारतो, पण पलीकडून काहीच नाही. पूर्वी असं नव्हतं. मग म्हणतो, चला, निदान तो बसवाला तरी झोपला असेल. तेवढ्यावर सकाळ होते.

बहीण : ऐकतेयस ना गं?

बाबा : ताई, तिला बोलू दे.

शिंपीण : बाबा, मी परत न्यायला आलेय.

बाबा : काय परत?

शिंपीण : आमचं दुखणं. इतके दिवस सांभाळलंत, तुमचे उपकार कसे फेडू? पण आता आमचं आमच्या घरी राहू द्या.

बहीण : अगं, काय बोलतेस तू?

बाबा : त्याला झेपेल?

शिंपीण : मी आहे ना. चोळीन, शेकीन, रागावले तर ऐकून घेईन. तुमच्या कमरेला तर हातही लावू देत नाही तुम्ही कुणाला.

बाबा : पण असं परत देता येतं का? मला माहीत नाही. घेताना तरी कुठे माहीत होतं? लहान पोराच्या हातातली पिशवी घेताना म्हणतो ना, दे इकडे, तसं तोंडातून गेलं. बाकीचं लोकांनी मला सांगितलं. मी म्हटलं, असेलही.

शिंपीण : ज्याची वस्तू आहे तो मागायला आला, तर द्यायला नको?

बाबा : हे मात्र खरं. मागायला आल्यावर नाही कसं म्हणायचं? ताई, आण तुझी ती गोळी.

बहीण : आणते. ही घे. मान उचल. हळू.

बाबा : कडू आहे.

बहीण : चघळू नकोस, गीळ.

बाबा : थांब. ही चव मला माहीत आहे. परवाच्या दुधाला होती. साखरेच्या खाली. ताई.

बहीण : घातली होती. रागाव हवं तर. पण तू झोपलास ना!

बाबा : झोपलो खरा. मला वाटलं, देवाला दया आली. पोरी, खरं सांग. परवा रात्री त्याला काही झालं का?

शिंपीण : परवा?

बाबा : परवा.

शिंपीण : नाही बाबा. गाढ झोपले होते. घोरत होते चांगले.

बाबा : मी इकडे सोडून झोपलो, आणि तिकडे त्याला काहीच नाही?

शिंपीण : काहीच नाही.

बाबा : मग इतके दिवस मी कुणाचं सांभाळत बसलो होतो गं?

बहीण : तुझंच रे, धाकट्या. घे, आणखी घोटभर पाणी पी.