डावा खांदा आधी

सरपंच भाऊ, फादर, वसईवरून आलेला अगनेसबाईचा भाचा, अन माह्या गावच्या बाया-माणसाईनो.

अगनेसबाईले निरोप द्याले तुमी एवढे जमले. धान रोवण्याचे दिवस हायेत, तरी बाया बांधीतला चिखल धुवून येऊन बसल्या. हे तिनं पाह्यलं असतं तं आधी साऱ्याईच्या पायाची बोटं पाह्यली असती, चिखल्या झाल्या का म्हणून.

मले बोलता येत नाई. मी शेवंता, ढिवराची बाई. या काठावरून हाक मारली का त्या काठावर माहा बबन डोंगा वळवते, एवढा माहा गळा. पण हाक मारणं अलग अन साऱ्याईसमोर बोलणं अलग.

अन एक आधीच सांगून ठेवते. माह्या घरी नात झाली, बबनची पोरगी. थे आठवली का माह्या तोंडावर हासू येते. इथी बोलता बोलता आलं तं वाईट मानू नका. एका घरी पाळणा अन एका घरी मरणाची पेटी, एकाच आठवड्यात देवानं दोन्ही देल्लं. मी एका डोळ्यानं रडून राह्यली अन एका डोळ्यानं हासून राह्यली.

अगनेसबाई कोण होती हे गावाले का सांगू. पण भाच्याले सांगते, त्यानं तिले पोरपणातच पाह्यलं. आपण बसलो हावो हा वरांडा दवाखान्याचाच. इथी थे नर्स म्हणून आली. यष्टीतून उतरली तं एका हातात पेटी अन एका हातात छत्री, अन पहिलाच पाय शेणात. पुढं दवाखाना बंद झाला. सारे गेले, थे नाई गेली. मी म्हटलं, "काऊन वो बाई, आपल्या गावाले नाई जात?" तं म्हणे, "तिकडे गेले तर तुझ्या तलावाचे झिंगे कोण खाईल?" मी म्हटलं, मांजर खाईन. त्याच्यावर लय हासली.

आता मी काऊन उभी राह्यली थे सांगते. गावात बोलून राह्यले. गिरणीवर, हापशीवर. अगनेसबाई तेलाबिना गेली म्हणते. जलमभर देवाचं केलं अन शेवटी फादरचं तेल नाई भेटलं, रिकामीच गेली म्हणते. बाप्पा हो, मी होती तिथी. थे रिकामी गेली का भरून गेली, हे माह्याशिवाय कोण सांगन?

त्याईच्या किरिस्ताव धर्मात सात संस्कार राह्यते. मले तिनंच सांगतलं, तांदूळ निवडता निवडता. जन्मल्यावर पाण्याचा. थोडं समजाले लागल्यावर पापं सांगाचा. मग थे पांढरी भाकर, येशूचं शरीर म्हणते. मग मोठे फादर येऊन मन पक्कं करते थो. लग्नाचा. फादर होणाऱ्याचा. अन आजाऱ्याले तेलाचा. मी म्हटलं, "मंग तुले साताईतले किती भेटले?" म्हणे, "लग्नाचा मी घेतला नाही आणि फादरचा बायकांना मिळत नाही. तेलाचा राहिलाय, त्याची घाई नाही."

अशी बोले थे.

माही बेबी जन्मली तेव्हा तिनंच नाळ कापली. पोरगी निळी पडली होती. मी म्हटलं, "तुहं थे पाणी टाक इच्या डोक्शावर, काय जाते? तुहा देव पावला तं पावला." तिनं पोरीले उलटी धरून रडवली, मंग मले म्हणे, "शेवंता, ते पाणी म्हणजे ताईत नाही, कोणाला न सांगता बांधायला. पाणी ओतलं की पोर एका घरची होते. त्या घरानं मग तिला वाढवायचं असतं, जन्मभर. तुझ्या पोरीला तिचं घर आहे." मले तेव्हा राग आला. कंजूस हाये म्हटलं, पाणी तं पाणी. आता समजते. माह्या पोरीले तिनं चोरलं नाई. सुया देल्ल्या, औषध देल्लं, पण चोरलं नाई.

महिन्यातून एकदा फादर चांद्यावरून येत. तेव्हा थे आतमंधी बसून त्याईले पापं सांगे अन मले म्हणे, "जा गं, जरा तलावाकडे जाऊन ये." मले लय झोंबे. साऱ्या गावात तिचं काई मले माहीत नाई असं नव्हतं. तिची दाढ कोणती दुखते हे मले माहीत. अन या काल आलेल्या फादरले सांगाचं अन मले हाकलाचं? एक खेप मी बोललीच. म्हटलं, "माह्यापाशी काय भोंगा हाये का, गावभर वाजवाले?" तं माहा हात धरून म्हणे, "नाही गं. तुला सांगितलं तर तू जपून ठेवशील. तिथं सांगितलं की ठेवायला काही उरतच नाही. देव घेऊन जातो."

मी घरी आली अन विचार करत बसली. खरंच हाये. मी तिचं सारंच ठेवलं. अजून हाये माह्यापाशी.

आता त्या दिवसाचं सांगते. पाऊस उघडत नव्हता. तिच्या छातीत पाणी भरलं होतं. नाल्यावरून पूर, इकडची यष्टी बंद, तिकडची बंद, दवाखान्याची गाडीही पल्याड अटकली. फादरले फोन लावला. थे चांद्यावरून निंगाले बी. बबन म्हणे, "मी तलावाच्या त्या आंगानं डोंगा घेऊन जातो, फादरले घेऊन येतो." डोंग्यात दोन माणसं मावते. अन त्या दिवशी तलाव म्हणजे उकळत्या भाताच्या गंजावानी. मी त्याले जाऊ नको म्हणू का जा म्हणू? घरी त्याची बाळंतीण. पण अगनेसबाईनंच त्याच्या पोरीले आदल्या दिवशी मांडीवर घेतलं होतं. तिच्या कपाळावर आंगठा टेकवला अन माह्याकडं पाहून म्हणे, "हा संस्कार नाही बरं का. हे नुसते लाड." बबननं थे पाह्यलं होतं. तो गेला.

दुपार झाली. बाई वाट पाहून राह्यली, मी वाट पाहून राह्यली. मले राहवलं नाई. मी घरी गेली, टोयीच्या, मोहाच्या बियाच्या, तेलाची बाटली आणली अन तिच्या कपाळाले तेल लावलं. म्हटलं तेल तं तेल. तिनं डोळे उघडले, वास घेतला. हासली. म्हणे, "अगं, हे तर तू पापड तळतेस ते."

म्हटलं, "मंग फादर नाई पोचले तं कसं? तुह्या देवाच्या घरी दार लावून घेते का?"

थे लय हळू बोलली. एका शब्दाले एक श्वास. म्हणे, "डोंग्याला दोर का बांधतेस?"

म्हटलं, "वाहून जाऊ नाई म्हणून."

"आणि तलावाला बांधतेस का?"

मी नाई म्हणून मान हालवली.

म्हणे, "तेल, पाणी, भाकर हे आपल्यासाठी दोर आहेत. हाताला लागतं म्हणून धरता येतं. देव दिसत नाही ना. पण तो स्वतः दोराला बांधलेला नाही, शेवंता. फादर आले नाहीत तर त्यांना बोलू नकोस."

मंग तिनं हात उचलाले पाह्यला. उचलत नव्हता. डोळ्यानंच सांगे, कपाळावर ने, क्रूस कराचा हाये. मी तिचा हात धरला. किती हलका झाला होता. ज्या हातानं साऱ्या गावाच्या नाळा कापल्या, थो हात मुंगन्याच्या वाळल्या शेंगेवानी. मी कपाळाले लावला, मंग छातीले. मंग मी उजव्या खांद्याकडं नेला, मी तिकडंच बसली होती. तं तिनं भुवया आकसल्या. मरता मरता माही चूक काढली बाईनं. मी म्हटलं, "चुकलं का वो?" अन हात डाव्या खांद्याले नेला, मंग उजव्याले. तेव्हा तिच्या भुवया सैल झाल्या.

तेवढंच. मंग श्वास नाई आला.

फादर आले तं कमरेपासून ओले. सदऱ्याच्या खिशातली तेलाची डबी तेवढी कोरडी, सारा तलाव तिच्यावर हात ठेवून आले म्हणे बबन. त्याईनं नाडी पाह्यली. डबी काढली होती, थे खिशात परत ठेवली. म्हणे, "मावशी, हे तेल जित्या माणसाचं आहे." अन खालीच बसले जमिनीवर, माह्या पोरावानी रडले. मले तिनं सांगतलं होतं बोलू नको म्हणून. मी चहा ठेवला.

फादर, आज साऱ्याईसमोर सांगते. तुमी उशिरा नाई आले. तुमी येऊन राह्यले होते, हे तिले माहीत होतं. तुमची वाट पाहत पाहतच थे गेली, अन वाट पाहणाऱ्याचा हात रिकामा नाई राह्यत. तिचा हात माह्या हातात होता. दोर होता अन दोराच्या पल्याडचा बी होता.

आता गिरणीवर कोणी म्हणन का अगनेसबाई रिकामी गेली?

लोकं म्हणते नातीचं बारसं पुढं ढकला. नाई ढकलत. अगनेसबाईच्या लाडाचं लेकरू हाये थे, तिच्या नावानं घुगऱ्या वाटीन मी. पाहा, आलंच हासू.

आता आपण सारे थोडा वेळ गप्प उभे राहू. ज्याले हात जोडाचे त्यानं जोडा. ज्याले क्रूस कराचा त्यानं करा. मी ढिवराची बाई, मले तुमचा क्रूस कराचा अधिकार नाई. मी माह्यासाठी नाई करत. तिचा हात उचलत नव्हता, म्हणून तिच्यासाठी एक डाव माहा हात उचलते.

कपाळ. छाती. डावा खांदा आधी, बाई. मंग उजवा.