इवाई सत्ताविसाव्या रांगेत

…नाई, पण मी म्हणतो, या विमानाच्या कंपनीत पोरीचं लग्न लावून देल्लेला एक तरी मानूस नसन काय? असता तं अशा सीटा वाटल्या नसत्या, तुम्हाले सांगतो! पोरीच्या बापाले नेऊन बसवलं समोर, पडद्याच्या अल्याड, पाय लांब करायच्या खुर्चीत, अन् पोराच्या बापाले, म्हंजे आपल्या इकडे ज्याले इवाई म्हणतात त्या साक्षात इवायाले, सत्ताविसाव्या रांगेत, दोघाच्या मधात! इवाई मांगं अन् आपण समोर… जमते का, सांगा! मी तं म्हणतो, विमान उडलं कसं तेवढंच नवल आहे.

आता तुम्ही म्हणसान, तुले काय करायचं आहे बापा, विमान का तुह्यं होतं? नव्हतं. बसेल होते त्याच्यात खुशालराव. वडनेरचे आमचे खुशालराव, माह्या वावराच्या धुऱ्याले लागून त्याहीचं वावर, वांगे, पालक, सांबार म्हंजे कोथमीर लावतात अन् हिंगणघाटच्या बाजारात नेतात. मानूस कसा, का कोनी 'बसा' म्हटलं तं आधी मांगं वळून पाहीन, दुसऱ्या कोनाले म्हटलं असन म्हणून. त्याहीची पोरगी अंकिता, मस्कतले नर्स आहे, जावई अंकुश बी तिथंच नोकरीवर. झाला नातू. दोघी आज्या बाळंतपणासाठी आधीच जाऊन बसल्या, राह्यले दोघं आबाजी, त्याहिले बारशाले बोलावलं. इकडून खुशालराव, अन् पिपरी मेघेवरून इवाई अण्णाजी, तहसील कचेरीतून रिटायर झालेले.

अण्णाजी वाईट नाई हो, उगाच नाव ठेवू नये कोनाले. पण मानाचा मानूस! अंकिताच्या लग्नात काय झालं, इवायाले मानाची दुपट्टा-टोपी द्यायची वेळ आली, अन् खुशालरावाच्या भावानं गडबडीत पह्यला दुपट्टा टाकला अण्णाजीच्या लहान भावाच्या गळ्यात. झालं! अण्णाजी जाऊन बसले जीपमधी, काच वर करून. दीड घंटा! खुशालराव बाहेरून हात जोडून राह्यले, काच ठोकून राह्यले, अन् अण्णाजी सरळ समोर पाहून राह्यले, जसं काही गाडी चालूच आहे. मंग टोमने कोनी खाल्ले? अंकितानं. दोन दिवाळ्या. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलनं दुपट्ट्यावर यायचं. अपमान होते इवायाचा अन् ऐकून घेते आपली पोरगी, हे खुशालरावाच्या डोक्यात असं घुसलं, का तवापासून तो मानूस अण्णाजीच्या समोर एक पाऊल टाकत नाई.

पाहा ना तुम्ही, घरून निघाल्यापासून सगळं रीतसर चाललं होतं. ऑटोत अण्णाजी मांगं ऐसपैस, खुशालराव डायव्हरपाशी, अर्धे आत अर्धे रोडवर. मुंबईच्या गाडीत अण्णाजीले खालचा बर्थ, खुशालराव ठणकता गुडघा घेऊन वरच्या बर्थवर चढले, चढले म्हंजे काय, दोघायनं खालून लोटलं तवा पोचले. अन् विमानतळावर त्या काउंटरच्या पोरीनं सगळा घोळ केला ना! दोन कागद देल्ले. अण्णाजी शिकेल मानूस, त्याहिनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं, अन् हळूच म्हणाले, "खुशालराव, तुमचं दुसऱ्या रांगेत आलं. बिझनेस क्लास. माह्यं सत्ताविसाव्या."

खुशालरावानं दोन्ही कागद पुन्हा काउंटरवर ठेवले. त्या पोरीले म्हणाले, बाई, काही तरी उलटं पडलं, हे मोठे, मी लहान, यायचं मले द्या अन् माह्यं यायले द्या. ती आपली गोड आवाजात, सर, तुमची सीट अपग्रेड झालीये, ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही. बरं, मंग माह्यी जुनीच द्या, इवायाच्या बाजूची. सर, ती आता दुसऱ्यांना दिली. अरे पण केलं कोनं हे अपग्रेड? ते तिले सांगता येईना, कम्प्युटरमधी असंच दिसते म्हणे! कम्प्युटरले काय जाते दिसाले, त्याले का पोरगी आहे? शेवटी अण्णाजीच म्हणाले, "कंपनीवाले करतात कधी कधी मनानं. बसा तुम्ही. आमचं काय."

आमचं काय! तुम्हाले सांगतो, ज्यानं पोरगी देल्ली त्याले या दोन शब्दाचं वजन इचारा. खुशालराव तिथंच अर्धे झाले.

बरं, विमानात समोरच्या सीटवाल्यायले आधी सोडतात. खुशालराव जागचे हलले नाईत. नावानं पुकारलं तरी नाई. सगळे चढले तवा अण्णाजीच्या मांगं मांगं चढले. पण करता काय, दारातून शिरलं का यायचीच खुर्ची आधी लागते! होस्टेसनं हाताले धरून बसवलं, अण्णाजी तसेच मांगं चालत गेले, पडदा सरला, अन् इवायाची पाठ दिसेनाशी झाली. खुर्ची एवढी मोठी, का तिच्यात अख्खं घर बसन, अन् खुशालराव तिच्या काठावर, टेकले बी नाई, साहेबाच्या केबिनमधी बसते ना मानूस, तसे. गरम टावेल आला, नको. सरबत आलं, नको. मधातच कोनीतरी येऊन पाय ठेवायची पाटी वर करून देल्ली, यायनं खाली केली. होस्टेस बिचारी वाकून इचारते, सर, काही त्रास होतोय का? आता तिले काय सांगन? इवाई मांगं अन् आपण समोर… तिच्या कागदात हा त्रास कुठं लिहेल असते?

अन् मंग आलं जेवन! पांढरा कपडा हातरला, काचेच्या वाट्या, चमचेच चार प्रकारचे. खुशालरावानं पह्यले इचारलं, "मांगच्या पंगतीचं झालं काय?" नाही सर, आधी इथे, मग तिकडे. "तेच तं उलटं होऊन राह्यलं ना बाई," खुशालराव म्हणाले. सांगा बरं, काय चुकलं त्याहीचं? इवायाची पंगत उठल्याशिवाय पोरीच्या बापाच्या घशाखाली पानी उतरते काय? त्याहिनं सगळं झाकून ठेवलं, फक्त वाटीतले दोन गुलाबजाम कागदी रुमालात घेतले, उठले, पडदा सारला, अन् निघाले मांगं.

पाहतात तं काय! एका बाजूले एक जाडा गडी झोपेल, त्याचं डोकं अण्णाजीच्या खांद्यावर. दुसऱ्या बाजूले एक बाई, तिच्या मांडीवर लेकरू, लेकराचे पाय अण्णाजीच्या मांडीवर. अन् मधात अण्णाजी, दोन्ही हात छातीपाशी आवळून. खुशालरावाले ते पाह्यवेना. त्याहिनं ओंजळ समोर केली. गुलाबजाम आहेत म्हणाले, तुमच्यासाठी आणले. अण्णाजीनं एक डाव गुलाबजामाकडं पाह्यलं, एक डाव खुशालरावाकडं पाह्यलं.

"मले शुगर आहे, खुशालराव. तुम्हाले मालूम आहे."

संपलं! मान द्याले गेले अन् डिवचून बसले! आता ते गुलाबजाम ठेवता कुठं? टाकले खिशात. बारशासाठी शिवलेला नवा पांढरा सदरा, अन् पाक चालला खाली, बटनाबटनानं…

मंग गेले काय परत खुर्चीवर? नाव नका काढू! तिथंच उभे राह्यले, इवायाच्या रांगेपाशी, सीट धरून. एक होस्टेस आली, सर, टॉयलेट रिकामं आहे. तिले काय सांगन, का मी मान राखून उभा आहे? गेले आत, कडी लावली, थोडा वेळ थांबले, बाहेर आले, पुन्हा उभे. दुसरी आली, सर, टॉयलेट रिकामं आहे. पुन्हा आत. असं पाच डाव! एक बाई तं नवऱ्याले म्हणाली, बिचाऱ्यांचं पोट बिघडलंय वाटतं. तेही ऐकलं त्याहिनं. इकडे गुडघा ठणकून राह्यला, तिकडे समोर ती एवढी मोठी खुर्ची रिकामी पडेल, पण जमते का, सांगा! अण्णाजी एक डाव म्हणाले, जाऊन बसा ना. खुशालराव म्हणाले, नाई, बसून बसून पाय अवघडले. त्याहिलेही समजलं, यायलेही समजलं, अन् समुद्र संपेपर्यंत हे तसेच उभे. विमान उतराले लागलं तवा होस्टेसनं जवळजवळ ओढतच नेलं खुशालरावाले, अन् पट्टा बांधून टाकला. उतरतानी हे पुन्हा दारापाशी कोपऱ्यात उभे, अख्खं विमान बाजूनं गेलं, अण्णाजी आले, तवा त्याहीच्या मांगं खाली उतरले.

घरी पोचले, नातू पाह्यला, चहा झाला. अन् अंकितानं बापाले हळूच सैपाकघरात बोलावलं. पोरीचा चेहरा असा फुललेला, का खुशालरावाले वाटलं, नातवाची काही गोष्ट सांगन.

"बाबा, कशी होती सीट?"

कोनती सीट, म्हणाले खुशालराव.

"समोरची. माह्या पगारातून घेतली मी. एकच उरली होती. तुमच्या जावयाले बी सांगतलं नाई. माह्या लग्नात तुम्ही दिवसभर हात जोडून उभे होते, मी मांडवातून पाहून राह्यली होती. म्हटलं, एक डाव तरी माह्ये बाबा आरामात बसून येतीन."

तुम्हाले सांगतो, विमानात खुशालरावाले लाज वाटली होती ती इवायाची. ती लाज सवयीची, तिले घेऊन मानूस जगते. पण आता जी वाटली ना, तिले कुठं ठेवावं हेच त्याहिले समजेना. लेकीनं हौसेनं घेतली खुर्ची, अन् बापानं ती मुंबईपासून मस्कतपर्यंत रिकामी आणली! शरमेनं मान वर होईना. अन् तेवढ्यात पाहतात तं दारात अण्णाजी, हातात रिकामा गिलास. पानी मांगाले आलते, अन् सगळं ऐकलं होतं. अंकिताचं तोंड पांढरं पडलं. खुशालरावाले वाटलं, झालं, दुपट्टा गेला अन् आता सीट आली. पोरीनं बापाले समोर बसवलं अन् सासऱ्याले मांगं, हे आता हिले जन्मभर ऐकावं लागन, अन् माह्यापायी ऐकावं लागन.

अण्णाजीनं गिलास ओट्यावर ठेवला. सुनेकडं पाह्यलं. खुशालरावाच्या सदऱ्यावर वाळेल पाकाकडं पाह्यलं.

"सूनबाई, तुह्ये बाबा अख्खा रस्ता झोपून होते," म्हणाले. "मी दोन डाव पडद्यातून पाहून आलो."

पोरीनं डोळ्याले पदर लावला. खुशालरावानं कशीबशी मान हालवली, हो बाई, लय झोप लागली म्हणाले, अन् नजर फरशीवरच. अन् अंकिता अशी खूश झाली, अशी खूश झाली, का तिथल्या तिथं बोलून बसली, वापसीचंही तुमचं समोरचंच काढून ठेवलं बाबा!

अण्णाजीनं आपल्या हातानं पानी घेतलं, घटाघटा पेले, अन् बाहेर जातानी खुशालरावाच्या कानापाशी तोंड आणलं.

"खुशालराव, वापसीत नरम तळव्याचे जोडे घालजा."

दुसऱ्याच दिवशी खुशालराव जावयाले घेऊन गेले, अन् घेऊन आले जोडे.