डावा डोळा उजवीकडे

...चहातली साखर सोडली होती हो मी, तुम्हाला सांगते, ह्यांच्या रोलपायी! लोक मुलांच्या परीक्षेसाठी व्रत धरतात, मी धरलं फोटोच्या लॅबसाठी. 'देवा, एक रोल, एकच, धड येऊ दे!' आमच्या ह्यांचा कॅमेरा पडला दोन डोळ्यांचा. एकदा दाबलं की दोन फोटो, एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्याचा. त्यांच्या स्लाइड केल्या आणि जोडी बघायच्या डब्यात घातली की माणसं अशी उठून पुढे येतात, वाटतं गालाला हात लावावा! आता पुढे कोण येतं? जाऊबाई! दर फोटोत! "अगं, तू उंच, तू मागे जा," असं म्हणत खांद्याने हलकेच सरकवतात, की मी बापडी कपाटाला टेकून. हेवा नाही हं, नुसतं सांगते.

पहिला रोल आला. ह्यांचे फोटो पडतात वेगळ्या मापाचे, आणि लॅबचं मशीन सुटलं नेहमीच्याच मापाने कापत! कुणाचं नाक गेलं, कुणाचा कान, आणि बरोब्बर मधोमध चिरली कोण? मी! जाऊबाई अखंड! हेवा नाही हं, नुसतं सांगते.

दुसऱ्या वेळी पाकिटावर लाल शाईने मी स्वतः लिहिलं, 'कापू नका'. तरी कापलंच! गेले तरातरा लॅबमध्ये. लॅबवाला म्हणतो, "ताई, मशीनला वाचता येत नाही." म्हटलं, "आणि तुम्हाला?" तर म्हणतो, "मी कुठे कापतो, ताई? मशीन कापतं!" ...आता बोला!

तिसऱ्यांदा मात्र देव पावला. लॅबवाल्याने हाताने कापलं, जोड्याही स्वतः लावून दिल्या. सासऱ्यांच्या वाढदिवसाचा फोटो डोळ्यांना लावते तर काय... जाऊबाई मागे! अहो, भिंतीत कोनाडा करून बसवल्यासारख्या! आणि मी? कपाटासकट पुढे, सासऱ्यांच्याही पुढे! ह्यांनी कपाळावर हात मारला, "उलटे लावले गाढवाने! डावा उजवीकडे, उजवा डावीकडे! मागचं सगळं पुढे आलं!" म्हटलं, "राहू द्या की, किती छान आलेत." तेवढ्यात जाऊबाईंनी डबा ओढला. "अगंबाई, मी कुठंय?" म्हटलं, "आहात ना, वहिनी, जरा खोलवर बघा..." हेवा नाही हं, नुसतं सांगते!

पण हे बसलेच, चिमट्याने एकेक जोडी सुलटी लावत. संध्याकाळपर्यंत जाऊबाई परत पुढे, मी परत कपाटाशी. फक्त वाढदिवसाची जोडी तेवढी मी उचलली होती; हे अजून शोधताहेत. दुपारी घर झोपलं की देवाला हात जोडते, डबा डोळ्यांना लावते, आणि घटकाभर असते सगळ्यांच्या पुढे.

म्हणून बायांनो, एवढं ऐका माझं. तुमचाही फोटो कधी असा उलटा लागून आला, तर लॅबवाल्याला नावं ठेवू नका, नवऱ्याला दाखवू नका, गुपचूप पदराआड करा. सरळ करायला काय, अख्खं घर टपलेलंच असतं!