जास्वंदीआडची तयारी

कुणी बघत असलं की माझी वाचाच बसते. म्हणून तर आमच्या अंबडच्या घराला मी कुंपणाऐवजी दाट जास्वंद लावली. दोन वर्षांत ती डोक्याच्या वर गेली, आणि तिच्या आड उभी राहून मी रोज सकाळी नोकरीच्या मुलाखतीची उत्तरं मोठ्याने म्हणू लागले.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी "माझी सगळ्यात मोठी कमजोरी म्हणजे" इथवर आले आणि पुढचं आठवेना. तेवढ्यात जास्वंदीतून बांगड्या भरलेला एक हात आत आला. मी किंचाळून थेट तुळशीमागे.

"ओरडू नको, मीच हाय," शेजारच्या सुमनकाकू पलीकडून म्हणाल्या. "देवाला फुलं तोडून राह्यले. कमजोरी म्हंजे तू जल्दी घाबरतीस. मंग म्हणायचं, पण आता सुधारणा हाय."

"काकू, तुम्ही रोज ऐकता?"

"मी एकटीच न्हाई. सगळ्या गल्लीचे देव तुझ्याच फुलांवर हायेत."

पलीकडे बऱ्याच बांगड्या वाजल्या. मी तुळशीमागे आणखी खाली बसले.

"उद्या तिथं समोर किती जण असतेत गं?" काकूंनी विचारलं.

"तीन."

"मंग भेतीस कशाला? इथं रोज सात जणी असतोत."