एकनाथराव थांबले नाहीत

आदरणीय अध्यक्ष शहनाजबाई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती मुनीरभाई आणि सुट्टीची झोप मोडून माबेल्याहून, अगदी दूरच्या इब्रीहूनही आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मुनीरभाई इथली आखातातली नोकरी संपवून परवा कायमचे दापोलीला चालले. त्यांचे गुण मी मोजत बसणार नाही. मला एक कुतूहल आहे. तेलकंपनीतल्या साहेबांकडून अमेरिकन फुटबॉल शिकून तो आम्हा क्रिकेटवाल्यांच्या गळ्यात मारावा, असं या माणसाला का वाटलं?

आमचा शुक्रवारचा खेळ सौम्य. धडका नाहीत, हात लागला की चाल संपली. पण मुनीरभाईंचा हट्ट एकच, लांब फेका! दोन-तीन गडी सरळ मैदानाच्या टोकाकडे सुसाट पळतात. बाकीचे फेकणाऱ्याला राखतात. प्रतिस्पर्धी त्या पळणाऱ्यांमागे गेले, तर मधलं मैदान मोकळं. नाही गेले, तर चेंडू त्यांच्या डोक्यावरून पार, आणि टोकाच्या रेषेपलीकडे झेलला की गुण! आणि तो फेकायचा कुठे? गड्याकडे नव्हे! गडी जिथे पोचणार, त्या रिकाम्या जागेत! सांगा, हा खेळ की श्रद्धा?

आमच्या एकनाथरावांकडे तेवढी श्रद्धा नव्हती. सीमारेषेवर झेल घेण्यात आयुष्य गेलेलं. अर्ध्यात थांबायचे, वळायचे, ओंजळ करून उभे. चेंडू पुढे पडायचा.

"एकनाथराव, यल्ला, चला, पळा! थांबता कशाला?"

"मुनीरभाई, चेंडू बघितल्याशिवाय पळू कसा? बैल आहे का मी?"

चार वर्षांत आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो. जाण्याआधी एक तरी विजय बघायचा, एवढीच मुनीरभाईंची इच्छा होती. गेल्या शुक्रवारी बरोबरी होती आणि शेवटची चाल उरली होती. एकनाथराव पळाले. त्यांच्यावर नेमलेला प्रतिस्पर्धी गडी नेहमीच्या जागी निवांत थांबला; हे थांबणार, हे त्याला पाठ! पण एकनाथराव थांबलेच नाहीत. मुनीरभाईंनी रिकाम्या जागेत फेकलेला चेंडू रेषेपलीकडे, खांद्यावरून त्यांच्या हातात उतरला. जिंकलो!

मुनीरभाई धापा टाकत त्यांच्याकडे गेले. "चार वर्षं घसा फोडून हेच सांगत होतो ना? आजच कसं सुचलं?"

एकनाथराव म्हणाले, "तेव्हा तुम्ही कुठं आम्हाला सोडून जाणार होता?"

 

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. आवेशात आवाज चढला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर आपलाच माणूस समजून पोटात घाला.