डावी बाजू रिकामी

नाही नाही, हेडफोन उलटे घातलेत तुम्ही — लाल उजव्या कानावर, निळा डाव्या. हां, आता कसं! आणि दाराकडे बघू नका सारखं, लागलंय ते नीट. आतली मूठ तुटलीय म्हणून बाहेरूनच उघडतं, बाकी काही नाही — काचेतून मी दिसतेय ना? मग झालं तर. टीं असा आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, कितीही बारीक आला तरी. बोलायचं मात्र नाही. बोललात तरी मला ऐकू येणार नाही, आतला माइक मी बंद ठेवते — पेशंट कुरकुरतात हो फार! डॉक्टर जेवायला गेलेत, काउंटरवरची मुलगीही गेली, तेव्हा आपल्याला कसली घाई नाही. उजवा कान आधी… छान… छान… वा, हा कान म्हणजे मांजराचा आहे तुमचा.

मघाशी म्हणालात ना, ती दणदणीत गाणी ऐकून ऐकून हे दुखणं ओढवलं म्हणून? लाजता कशाला, आमच्याच घरात बँड आहे! माझा भाचा गातो. बहिणीचा मुलगा, पण बहीण गेल्यापासून माझ्याच हाताखाली वाढलेला. नू मेटल म्हणतात त्याला — गिटारी जाड्याभरड्या करून वाजवायच्या, मधे भराभरा पुटपुटायचं, आणि मग एकदम गळा फाडून ओरडायचं. मला आधी वाटायचं, पोराला विंचू चावला की काय! आता सवय झाली. यंदाच पहिला अल्बम आला त्यांचा. नेटवर लोकांनी मतं टाकलीत, मी सगळी वाचते, एक सोडत नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती — एक म्हणतो ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात, दुसरा म्हणतो अल्बमचा जीव ड्रममध्येच आहे. कुणाला ते पुटपुटणं शाळकरी वाटतं. एका बाईंनी लिहिलंय, नवरा सोडून गेला तेव्हा हेच ऐकून तग धरला — त्या दिवशी मी रडले हो, खरंच रडले. पण शेवटच्या गाण्यावर मात्र बहुतेकांचं एकमत. त्यातली ती किंकाळी, आणि मागे दारावर बसणारे ठोसे! अंगावर काटा आला, दिवा लावून झोपलो, असं लिहिलंय लोकांनी.

तुम्हांला म्हणून सांगते, ती किंकाळी याच खोलीत रेकॉर्ड केलीय. हो, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत. 'मावशी, एवढी शांत खोली दुसरीकडे कुठे मिळायची नाही,' म्हणाला. दवाखान्याला सुट्टी होती, चाव्या माझ्याकडेच. लहानपणापासून बंद खोलीची भीती त्याला — न्हाणीघराचं दारसुद्धा नुसतं लोटून घ्यायचा, कडी म्हणून लावायचा नाही. आणि नेमकी तीच भीती हवी होती गाण्यात. मला म्हणाला, मावशी, दिवा घालव, दार लाव, आणि मी काहीही म्हटलं तरी उघडू नकोस. मी शब्दाची पक्की! आधी हसत होता. मग 'बास गं मावशी' म्हणाला. मग नुसतंच 'मावशी'. मग 'आई' — आई कुठून यायची त्याची? उघडणार होते हो मी, हात दारावरच होता — पण त्यानेच सांगितलं होतं ना? आणि आवाज इतका सुरेख लागला होता, यंत्रावरचा हा आवाजाचा काटा इथे पार टोकाला गेलेला… तोडणार कसा मधेच? मूठ तेव्हाच तुटली ती. आणि गळाही. अजून आवाज आलेला नाही पोराचा. येईल, म्हणतात. मी रोज हळद घालून दूध देते.

बरं, आता डावा कान. खालचे सूर… ठीक. मधले… ठीक. आता हा वरचा. दाबा की. नाही आला? परत देते. वाढवते. अजून वाढवते… नाहीच का? असू दे, असू दे, घाबरू नका. हा सूर ना, आमच्या फार ओळखीचा आहे. भाच्याने याच यंत्रातून घेतला, शेवटच्या गाण्यात सबंध वेळ डाव्या बाजूला वाजतो. कुणी शिव्या घातल्या, कानात डास शिरला म्हणाले. कुणी डोक्यावर घेतला. पण ऐकला सगळ्यांनी! एकानेच तेवढं लिहिलं — 'डावी बाजू रिकामी सोडलीय, एवढंही जमत नाही. आणि किंकाळी तर सरळसरळ खोटी. खरा घाबरलेला माणूस असा ओरडत नाही.' उचलली जीभ लावली टाळ्याला! पोराला बोलता येत नाही, तर जेवताना मोबाइलवर तेवढंच काढून माझ्यापुढे धरतो. रोज. आवाज गेला त्याचं नाही हो त्याला काही. ज्याच्यापायी गेला तेच खोटं ठरलं — त्यानं पोर खचलं. घास उतरत नाही त्याला, आणि मग मलाही नाही.

तुम्ही फोनवर म्हणालात, डाव्या कानाला वरचे सूर ऐकू येत नाहीत — तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणून तर ही शेवटची वेळ दिली तुम्हांला. आता तर हातच्या काकणाला आरसा कशाला! तुमचंच ना ते मत? मान कशाला हलवताय — मग चेहरा का उतरला? हेडफोन काढलात तरी चालेल, वर छतात स्पीकर आहे, माझं ऐकू येतंच. रागावले नाही हो मी. मत असावं माणसाला. पण खरा घाबरलेला माणूस कसा ओरडतो हे तुम्हांला पक्कं ठाऊक आहे, आणि पोरांना दुसऱ्या अल्बमसाठी गळा मिळत नाहीये. काचेवर मारू नका, दुहेरी आहे, हाताला लागेल. डॉक्टर? अहो, शनिवार ना आज! अर्ध्या दिवसाने घरी गेले ते. जेवायला म्हटलं मघाशी, तुम्हांला धीर वाटावा म्हणून. हा बघा, आतला माइक चालू केला. हलला काटा. श्वास अगदी स्वच्छ येतोय तुमचा… आता दिवा घालवते हं. आणि मीही गप्प बसते. माझ्या बडबडीने रेकॉर्डिंग खराब होतं, भाचा ओरडायचा मला नेहमी.